हळद असली की रंगवलेली? फोनच्या टॉर्चपासून लॅबमधल्या एक्स-रेपर्यंत

२०२५ च्या जूनमध्ये इन्स्टाग्रामवर एक ट्रेंड आला होता. अंधार करायचा, फोनचा टॉर्च लावून त्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि वरून चमचाभर हळद सोडायची. सोनेरी ढग खाली उतरताना दिसतो, लहान मुलं डोळे मोठे करून बघतात. रील छानच होती. पण थोड्याच दिवसांत तिच्यासोबत एक मेसेज फिरायला लागला: "चमकली तर असली, नाही चमकली तर भेसळ." आमच्या हिंगणघाटच्या मावशीनं मला तोच फॉरवर्ड केला आणि विचारलं, "काय रे बाबू, हे खरं आहे का? तू तर कॉम्प्युटरवाला."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अन्नशास्त्रज्ञ नाही. पण सेन्सर, सिग्नल आणि डेटा हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि हा प्रश्न मुळात सेन्सरचाच आहे: आपल्याला नेमकं काय मोजायचंय, आणि हातातलं यंत्र ते मोजू शकतं का? शिवाय मी वर्धा जिल्ह्यातला. आमच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला जीआय टॅग आहे. त्यामुळे हा विषय आमच्याकडे स्वयंपाकघरापुरता राहत नाही, शेतापर्यंत जातो.

थोडक्यात उत्तर आधीच देतो. टॉर्चवर चमकणं म्हणजे शुद्धता नाही. हळदीतली सगळ्यात धोकादायक भेसळ डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यालाही दिसत नाही. ती विद्यापीठांच्या संशोधनातून आणि एका खास एक्स-रे यंत्रातून पुढे आली. ती कशी, आणि आपल्या हातातल्या फोनचा खरा उपयोग कुठे आहे, ते नीट बघू.

टॉर्चवर नक्की काय चमकतं?

दोन गोष्टी एकाच वेळी होतात. पहिली म्हणजे प्रकाश विखुरणं. हळदीची पूड पाण्यात विरघळत नाही, तिचे कण तरंगत खाली जातात. खालून येणारा प्रकाश त्या कणांवर आदळून सगळीकडे पसरतो. धुळीच्या खोलीत कवडशातून उन्हाची तिरीप दिसते ना, तोच प्रकार. पिवळ्या रंगाची कुठलीही बारीक पूड टाकली तरी असा ढग दिसेल.

दुसरी म्हणजे फ्लुरोसन्स. हळदीतलं कर्क्युमिन निळा प्रकाश शोषून हिरवट-पिवळा प्रकाश बाहेर टाकतं. फोनच्या पांढऱ्या एलईडीमध्ये मुळात निळा एलईडी असतो आणि त्यावर पिवळा फॉस्फर चढवलेला असतो, म्हणून त्या प्रकाशात निळा भाग भरपूर असतो. पण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पाण्यात त्याची चमकही क्षीण असते. अल्कोहोलमध्ये ती कितीतरी जास्त दिसते. म्हणजे ग्लासात दिसणाऱ्या सोनेरी ढगात मोठा वाटा साध्या विखुरण्याचा आहे.

आता मुद्द्याचं. समजा हळद चांगली आहे, पण तिच्यात शिशाचा रंग किंचित मिसळलाय. कर्क्युमिन तर तिच्यात आहेच. ती तशीच चमकणार. म्हणजे ही टेस्ट नापास व्हायला हवं त्याच नमुन्याला पास करते. सॉफ्टवेअरच्या भाषेत हा फॉल्स निगेटिव्ह, आणि अन्नाच्या बाबतीत तोच सगळ्यात महाग पडतो.

भेसळ एक नाही, तीन प्रकारची

"भेसळ" हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो.

१. वजन वाढवणारी: स्टार्च, तांदळाचं किंवा इतर पीठ, खडूची भुकटी. पैशाचं नुकसान नक्की, तब्येतीचं बहुतेक वेळा कमी.

२. सेंद्रिय कृत्रिम रंग: यात मेटॅनिल यलोचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं. हा कारखान्यातला रंग आहे. भारतात खाद्यपदार्थांत वापरायला त्याला परवानगी नाही.

३. लेड क्रोमेट: शिसं आणि क्रोमियमचं चमकदार पिवळं संयुग. रंग आणि प्लास्टिकच्या उद्योगात वापरलेलं. हा सगळ्यात घातक प्रकार.

प्रत्येकाची तपासणी वेगळी. स्टार्च शोधणारी टेस्ट शिसं शोधत नाही आणि शिसं मोजणारं यंत्र मेटॅनिल यलोबद्दल काहीच सांगत नाही. "एका टेस्टमध्ये सगळी भेसळ ओळखा" असं कुठे दिसलं तर तिथेच थांबा.

शिसं हळदीत शिरतं कुठे?

त्यासाठी हळदीचा प्रवास माहीत हवा. शेतातून काढलेली ओली हळद शिजवतात, मग उन्हात दहा-पंधरा दिवस वाळवतात. वाळलेलं हळकुंड वरून खडबडीत आणि मळकट असतं. ते फिरत्या ड्रममध्ये घालून घासतात, याला पॉलिश म्हणतात. पॉलिशनंतर हळकुंड गुळगुळीत आणि पिवळं दिसतं, बाजारात भाव बरा मिळतो. त्यानंतर ते चक्कीवर जातं आणि पूड होते.

वरून रंग लावायची जागा मुख्यतः पॉलिशची आहे. ड्रम फिरत असतानाच रंगाची भुकटी टाकली की हळकुंडावर एकसारखा पिवळा थर बसतो. हलका, जुना, पावसात भिजलेला मालही नव्यासारखा दिसतो.

हे नीट उघडकीला आणणारं संशोधन बांगलादेशातलं आहे. अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातली आयसीडीडीआर,बी ही आरोग्य संशोधन संस्था यांच्या गटाला ग्रामीण भागातल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं जास्त आढळत होतं. आसपास ना कारखाना, ना गजबजलेला रस्ता. मग हे येतं कुठून? संशोधकांनी माती, भांडी, अन्न असे एकेक संशयित तपासले. शिशाचे आयसोटोप, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे किंचित वेगळ्या वजनाचे अणू, ठिकाणानुसार वेगवेगळ्या प्रमाणात असतात. जणू फिंगरप्रिंटच. रक्तातल्या शिशाचा ठसा हळदीतल्या शिशाशी जुळला. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यापारी आणि पॉलिशवाल्यांशी बोलल्यावर कळलं की हळदीला पिवळा रंग लावायची ही सवय १९८० च्या दशकातली. पुरामुळे हळद नीट वाळली नाही, रंग उतरला, आणि पिवळ्या रंगाची ही सोपी वाट सापडली. तिथे या रंगाला 'पिउरी' म्हणतात.

आपल्याला वाटेल, हे तिकडचं. पण २०२४ मध्ये त्याच संशोधक गटाचा पुढचा अभ्यास आला. भारत, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांतून सुमारे साडेतीनशे नमुने घेतले होते. त्यातल्या साधारण १४ टक्क्यांत शिसं दर ग्रॅमला २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघालं. पाटण्यातल्या एका नमुन्यात ते २००० च्या वर होतं. सगळ्यात मोठे आकडे पॉलिश केलेल्या हळकुंडांत सापडले.

हा आकडा जपून वाचा. याचा अर्थ "भारतातली १४ टक्के हळद विषारी" असा होत नाही. नमुने ठरावीक शहरांतल्या ठरावीक बाजारांतले होते आणि शहराशहरांत फरक प्रचंड होता. अर्थ एवढाच की ही भेसळ सीमेपलीकडे थांबलेली नाही आणि ती मोजून पकडता येते.

किती म्हणजे जास्त?

एफएसएसएआयच्या दूषित घटकांविषयीच्या २०११ च्या नियमांत हळदीसाठी शिशाची मर्यादा १० पीपीएम दिली आहे. पीपीएम म्हणजे किलोला मिलिग्रॅम, किंवा ग्रॅमला मायक्रोग्रॅम; आकडा तोच राहतो. बांगलादेशात हीच मर्यादा २.५ आहे, युरोपीय संघात मुळांच्या आणि कंदांच्या मसाल्यांसाठी १.५.

आता घरचा हिशोब करू. चार जणांच्या घरात महिन्याला २०० ग्रॅम हळद लागते असं धरा. माणशी ५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे १.७ ग्रॅम.

- हळदीत शिसं २ पीपीएम: दिवसाला सुमारे ३.४ मायक्रोग्रॅम पोटात.
- १० पीपीएम: सुमारे १७ मायक्रोग्रॅम.
- १००० पीपीएम: सुमारे १७०० मायक्रोग्रॅम.

तुलनेसाठी, अमेरिकेच्या एफडीएनं दिवसाला अन्नातून येणाऱ्या शिशाची संदर्भ पातळी मुलांसाठी २.२ आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम धरली आहे. ही सुरक्षित पातळी नव्हे, इशाऱ्याची रेषा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित असल्याचं माहीत नाही.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. ते हाडांत साठतं, मेंदूच्या पेशींच्या कामात लुडबूड करतं. मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलांचं शरीर पोटात गेलेल्या शिशापैकी ४ ते ५ पट जास्त भाग शोषू शकतं, आणि त्यांचा मेंदू तेव्हा घडत असतो. बुद्ध्यांक, एकाग्रता, वागणं यांवर झालेला परिणाम नंतर पूर्ण भरून निघत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडे महत्त्वाची: रक्तात लोह कमी असेल तर आतडं शिसं जास्त ओढून घेतं. आपल्या खेड्यांत मुलांना आणि बायकांना ॲनिमिया किती सहज असतो, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे ज्याचं पोषण कमी, त्याच्यावर त्याच हळदीचा मार जास्त.

आता गंमत नाही, पण गणित बघा. लेड क्रोमेटच्या वजनात सुमारे ६४ टक्के शिसं असतं. मग एक किलो हळदीत १० पीपीएमची मर्यादा ओलांडायला हा रंग किती लागेल? १० भागिले ०.६४, म्हणजे सुमारे १६ मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याहून हलका. एक किलो पिवळ्या पुडीत मिसळलेला तेवढा पिवळा रंग टॉर्च लावून कुणाला दिसणार आहे?

मग तो दिसतो कशानं? एक्सआरएफ

एक्सआरएफ म्हणजे एक्स-रे फ्लुरोसन्स. हातात धरायचं मॉडेल साधारण ड्रिल मशीनसारखं किंवा दुकानातल्या बारकोड गनसारखं दिसतं.

काम असं चालतं. यंत्र नमुन्यावर एक्स-रे सोडतं. अणूच्या आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन त्या धक्क्यानं बाहेर फेकला जातो. रिकाम्या जागेवर वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि उरलेली ऊर्जा नव्या एक्स-रेच्या रूपात बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. क्रोमियमची मुख्य रेषा ५.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर येते, शिशाच्या दोन मुख्य रेषा १०.५ आणि १२.६ वर. यंत्र कुठल्या ऊर्जेचे किती एक्स-रे परत आले ते मोजतं आणि आलेख काढतं. १२.६ वर टोक दिसलं की शिसं आहे. टोक जितकं उंच तितकं प्रमाण जास्त.

तुम्ही विचाराल, १०.५ ची रेषा का नको? कारण आर्सेनिकची मुख्य रेषाही जवळजवळ तिथेच येते. दोघांची गल्लत होऊ नये म्हणून शिशासाठी दुसरी रेषा बघतात. डेटाबेसमध्ये दोन माणसांची नावं सारखी असली की आपण जन्मतारीख बघतो, तसंच.

अजून एक हुशारीची गोष्ट. हळदीत नुसतं शिसं सापडलं तर ते मातीतून किंवा धुळीतूनही आलेलं असू शकतं. पण लेड क्रोमेटमध्ये शिशाच्या एका अणूमागे क्रोमियमचा एक अणू असतो, त्यामुळे वजनात हे प्रमाण सुमारे ४ ला १ पडतं. आलेखात शिसं आणि क्रोमियम साधारण याच प्रमाणात सोबत आले, तर तो मातीचा दोष नसून रंग मिसळल्याचा भक्कम पुरावा ठरतो. शेतकरी निर्दोष आहे की नाही, हे ठरवायला हा फरक फार मोठा आहे.

हे यंत्र मिनिट-दोन मिनिटांत अंदाज देतं, नमुना नष्ट करत नाही. किंमत मात्र लाखोंच्या घरात. कमी पीपीएमला अचूक आकडा हवा असेल तर लॅबमध्ये हळद ॲसिडमध्ये विरघळवून आयसीपी-एमएस या यंत्रात घालतात. तिथे पीपीएमच्याही हजारव्या भागापर्यंत मोजता येतं.

फोनच्या कॅमेऱ्याला का जमत नाही?

कॅमेरा ५० मेगापिक्सलचा असो की २०० चा, प्रत्येक पिक्सलमागे शेवटी तीनच आकडे हाती येतात: लाल, हिरवा, निळा. हळदीतून येणाऱ्या प्रकाशाचा अख्खा आलेख तीन आकड्यांत दाबला जातो. दोन वेगवेगळी रसायनं तेच तीन आकडे देऊ शकतात. भेसळ करणारा रंग तर निवडतोच असा की तो हळदीसारखा दिसेल. म्हणजे तो आपल्या डोळ्याला फसवायला बनवलाय, आणि कॅमेरा आपल्या डोळ्याची नक्कल करायला बनवलाय. दोघं एकाच जागी फसतात.

त्यात फोनचं सॉफ्टवेअर स्वतः रंग बदलतं. ऑटो व्हाइट बॅलन्स, एचडीआर, "फूड मोड" हे सगळं फोटो छान दिसावा म्हणून आहे, मोजमापासाठी नाही. ट्यूबलाइटखाली आणि दुपारच्या उन्हात त्याच हळदीचे दोन फोटो काढून बघा.

"मग एआय शिकवू की!" हा प्रश्न मला मित्र हमखास विचारतात. शिकवता येतं, पण काय शिकवतोय ते बघावं लागतं. समजा शुद्ध हळदीचे ५०० फोटो एका टेबलावर काढले आणि भेसळीचे ५०० दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टेबलावर. मॉडेल ९९ टक्के अचूकता दाखवेल आणि प्रत्यक्षात ते हळद ओळखत नसून टेबल ओळखत असेल. म्हणून असं कुठलंही ॲप दिसलं तर तीन प्रश्न विचारा. कोणती भेसळ पकडतं? कमीत कमी किती प्रमाणात पकडतं? आणि वेगळ्या दुकानातल्या, वेगळ्या उजेडातल्या नमुन्यांवर तपासलंय का?

विद्यापीठांत फोनवर आधारित रंगमापन होतं, ते खोटं नाही. पण तिथे फोन बंद डब्यात बसवतात, उजेड ठरलेला असतो, शेजारी संदर्भ रंगाची पट्टी असते आणि आधी रसायन टाकून रंग बदलवलेला असतो. म्हणजे ओळखायचं काम रसायन करतं, फोन फक्त वाचतो.

लॅबमधल्या महागड्या प्रकाश-यंत्रांनाही मर्यादा आहेतच. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हळदीत मेटॅनिल यलो मिसळून दोन पद्धती तपासल्या. रामन पद्धतीला ते १ टक्क्यापर्यंत दिसलं, इन्फ्रारेडला ५ टक्क्यांपर्यंत. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. शिशाचा प्रश्न १० पीपीएमचा आहे. हजार पटीचा हा फरक लक्षात ठेवला तर पुढच्या वेळी कुठलाही "मॅजिक टेस्ट" व्हिडिओ तुम्हीच तपासू शकाल.

बांगलादेशानं पुढे काय केलं?

ही गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण शेवट चांगला आहे. २०१९ च्या निष्कर्षांनंतर तिथल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं वर्तमानपत्रांतून आणि बाजारांत पत्रकं लावून इशारा दिला. मोठ्या घाऊक बाजारात एक्सआरएफ घेऊन धाड टाकली, जागेवर तपासलं आणि रंगवलेली हळद विकणाऱ्या दोन व्यापाऱ्यांना दंड केला. ही बातमी टीव्हीवर गेली. बाजारातल्या नमुन्यांपैकी शिसं सापडणाऱ्यांचं प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होतं. २०२० च्या सुरुवातीला ते ५ वर आलं, २०२१ मध्ये शून्य. हळदीच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांच्या रक्तातलं शिसंही घटलं.

यात नवं तंत्रज्ञान फारसं नव्हतं. यंत्र आधीच होतं, कायदा आधीच होता. फरक पडला तो यंत्र लॅबमधून बाजारात नेल्यानं आणि निकाल लोकांसमोर ठेवल्यानं.

वायगाव, वर्धा आणि "चमक" नावाचा जुना प्रश्न

वर्धा जिल्ह्यात दोन वायगाव प्रसिद्ध आहेत. वर्धा शहराजवळचं वायगाव निपाणी आणि समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव हळद्या. गावाच्या नावातच हळद आहे ते दुसरं. इथल्या हळदीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. तिची ओळख म्हणजे कर्क्युमिनचं जास्त प्रमाण, सुमारे ६ ते ७ टक्के सांगितलं जातं. एफएसएसएआयच्या मानकात हळद पुडीला कर्क्युमिनॉइड्स किमान २ टक्के हवेत, यावरून अंदाज घ्या.

हे मोजतात कसं? पूड अल्कोहोलसारख्या द्रावकात काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवतात आणि ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश किती शोषला जातो ते बघतात. आणखी नेमकं हवं असेल तर एचपीएलसी. त्यात हळदीतली तीन मुख्य कर्क्युमिनॉइड्स वेगवेगळी होऊन मोजली जातात. नागपूरचं १९४२ सालचं लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थान, जे आता विद्यापीठ झालंय, तिथे फूड टेक्नॉलॉजी शिकवली जाते. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही आपल्याच भागातलं. बारावीनंतर फक्त कॉम्प्युटर नाही तर काय, असा प्रश्न पडणाऱ्यांनी ही नावं लिहून ठेवा. या क्षेत्रात रसायन, डेटा आणि शेत तिन्ही एकत्र येतात.

इथे शेतकऱ्याचं दुखणं समजून घ्या. खऱ्या हळदीचा गुण आत असतो आणि बाजार बघतो बाहेरचा रंग. ज्याच्या हळदीत कर्क्युमिन ६ टक्के आहे, त्याचं हळकुंड रंग लावलेल्या हळकुंडाशेजारी फिकं दिसू शकतं. मग भाव कुणाला मिळतो? भेसळ फक्त खाणाऱ्याला फसवत नाही, प्रामाणिक पिकवणाऱ्यालाही मारते.

वर्ध्याला हा प्रश्न नवा नाही. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं मुख्य ठाणं वर्ध्याचं मगनवाडी. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. तिथे हातसडीचा तांदूळ विरुद्ध पॉलिशचा तांदूळ, गूळ विरुद्ध साखर यावर प्रयोग आणि प्रचार चालायचा. तांदळाला पॉलिश केलं की वरचा कोंडा जातो आणि त्यासोबत ब१ जीवनसत्त्व जातं. दाणा पांढराशुभ्र दिसतो, पोषण मात्र कमी होतं. आज त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, ती गावातल्या उद्योगांसाठी तंत्रज्ञानावर काम करते. तांदळाची पांढरी चमक असो की हळकुंडाची पिवळी, गिऱ्हाईक जी चमक मागतं ती बाजार पुरवतो. ९० वर्षांपूर्वीही हेच चालू होतं.

तुमच्या फोनचा खरा उपयोग

शिसं फोनला दिसत नाही, पण माहिती दिसते. हे करा.

परवाना क्रमांक वाचा. पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असतो. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे १५, केंद्रीय परवान्याला ००. त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ११५१९ नं सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्रात २०१९ मध्ये दिलेला परवाना.

तो क्रमांक तपासा. एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर किंवा फॉसकॉस पोर्टलवर क्रमांक टाकला की तो चालू आहे का आणि कुणाच्या नावावर आहे ते कळतं. पाकिटावरचं नाव वेगळं निघालं तर तिथूनच तक्रार करता येते. मात्र लक्षात ठेवा, परवाना म्हणजे "या पाकिटाची तपासणी झाली" असं नाही. जीआय टॅगचंही तसंच. तो उगमाची ओळख सांगतो, प्रत्येक पाकिटाचा लॅब रिपोर्ट देत नाही.

रिपोर्ट मागा. ऑनलाइन हळद विकणारे अनेकजण "लॅब टेस्टेड" लिहितात. बॅच नंबर, एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचं नाव, आणि शिशाचा प्रत्यक्ष आकडा विचारा. नुसतं कर्क्युमिनचं प्रमाण दाखवलं असेल तर तो शिशाचा रिपोर्ट नाही.

कायद्याचा हक्क वापरा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. रिपोर्ट १४ दिवसांत मिळायला हवा आणि पदार्थ नियमबाह्य निघाला तर फी परत मिळते. एकट्याला खर्च जड वाटेल, पण मोहल्ल्यानं किंवा बचत गटानं मिळून एक नमुना दिला तर सोपं जातं. चौकशी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करा.

आणि घरी?

एफएसएसएआयच्या 'डार्ट' पुस्तिकेत अख्ख्या हळकुंडाची एक साधी टेस्ट आहे. हळकुंड पाण्याच्या ग्लासात टाका. नैसर्गिक हळकुंड लगेच रंग सोडत नाही. वरून लेड क्रोमेट चोपडलेलं असेल तर पाणी लगेच पिवळं होतं. पाणी पिवळं झालं तर ती हळद वापरू नका. पण पाणी स्वच्छ राहिलं म्हणून शिसं नाहीच असंही समजू नका. १६ मिलिग्रॅमचं गणित आठवा. व्हिडिओत दाखवतात तशी हायड्रोक्लोरिक ॲसिडची टेस्ट घरी करू नका, ते लॅबचं काम आहे.

जमत असेल तर पॉलिश न केलेलं, मळकट दिसणारं हळकुंड ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या आणि चक्कीवरून समोर दळून आणा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर सुटी, बिननावाची, डोळ्यात भरणारी पिवळीजर्द पूड टाळा. धुण्यानं, उकळण्यानं किंवा फोडणीत तळण्यानं शिसं जात नाही. ते मूलद्रव्य आहे, जळत नाही.

मावशीला मी हेच लिहून पाठवलं. तिचा रिप्लाय आला, "म्हणजे जे जास्त पिवळं ते घ्यायचं नाही." इतकं लक्षात राहिलं तरी पुष्कळ आहे. टॉर्चची रील मात्र मुलांसोबत जरूर करा, ढग खरंच सुंदर दिसतो. फक्त त्याला लॅब रिपोर्ट म्हणू नका.